वाटेवरचा जामीन

युक्रेनमधल्या वेर्बोवा बाल्का गावात झाखार बेव्झला पाठीमागे सगळे 'सल्लामसलत' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत. माणूस पासष्टीचा, लष्करात कॅप्टन होता, आणि कुणाच्या विहिरीवरचा पंप बिघडला तर बोलावल्याबरोबर पाना घेऊन हजर होतो. पण तो दुकानातून बाहेर पडला की कुणीतरी म्हणणारच, "गेली बघा सल्लामसलत."

हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलं. २०१४ साली रशियाने क्रिमिया घेतला, तेव्हा गाव त्याच्या अंगणात जमलं होतं. झाखारने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची चौकट काढून आणली, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, की असा प्रश्न उभा राहिला तर सही करणारे देश आपसात सल्लामसलत करतील. "कलमच आहे तसं," तो म्हणाला, "जरा थांबा." लोक थांबले. आठ वर्षं थांबले.

चौकटीत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. पण त्याची हकीकत सांगायची तर आधी जमिनीखाली उतरावं लागेल.

पेर्वोमाय्स्कच्या आसपासच्या शेतांखाली सोव्हिएत काळात क्षेपणास्त्रं पुरलेली होती. वर गहू आणि खाली मरण, असं झाखारची सासू म्हणायची आणि अभद्र टळावं म्हणून लगेच खांद्यामागे थुंकायची. झाखारचं काम त्या मरणाची राखण करायचं. पंचेचाळीस मीटर खोल, बारा मजले उतरून एक लोखंडी खोली, तिच्यात कमरेला पट्टा बांधून बसायच्या दोन खुर्च्या, दोन माणसं, दोन किल्ल्या. किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागत आणि एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचत नसत. म्हणजे एकट्याच्या डोक्यात काही शिरलं तरी जगाला धोका नाही. एकट्या माणसावर भरवसा ठेवायचा नाही, ही त्या खोलीची पहिली शिकवण होती. पुढे आयुष्याने त्याला नेमकं एकटं ठेवलं, हा भाग वेगळा.

दुसऱ्या खुर्चीत रोदिओन झिमिन बसायचा. वोलोग्दाचा, उत्तर रशियातला, गोरापान, पोट धरून हसणारा. सहा-सहा तास दोघं समोरच्या इशाऱ्याच्या दिव्यांकडे बघत बसायचे. डोळा लागू नये म्हणून त्यांनी आपसात एक पद्धत पाडून घेतली होती. अधूनमधून एकाने दुसऱ्याचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, "आहे." बस, एवढंच. "झाखार!" "आहे." "रोदिओन!" "आहे, कुठे जातोय?" सात वर्षं त्या दोघांनी एकमेकांना असं जागं ठेवलं.

नव्वद साली झाखारला मुलगा झाला, नाझार. बायकोने, तामिलाने, बाप्तिस्म्याचा हट्ट धरला. क्षेपणास्त्र दलातल्या अधिकाऱ्याने तेव्हा असले उद्योग करायचे नसत, म्हणून तो समारंभ सासूच्या घरी, पडदे ओढून झाला. पाद्री गुरांच्या डॉक्टरसारखी पिशवी घेऊन मागच्या दाराने आला. मुलाचा धर्मबाप कोण, हा प्रश्नच नव्हता. रोदिओनने वोलोग्दाहून आईकडून पांढरं सुती कापड मागवलं, धर्मबापाने आणायचं असतं तसं, आणि पाण्यातून काढलेलं पोर त्या कापडात झेललं. पाद्रीने विचारलं, या मुलाच्या पाठीशी उभा राहशील का? रोदिओन म्हणाला, राहीन. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना नावाने हाक मारायचे बंद झाले. मुलाच्या घरचे आणि धर्मबाप एकमेकांचे 'कूम' होतात, बाई असेल तर 'कुमा', आणि कूम हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं मानतात. भाऊ नशिबाने मिळतो. कूम तुम्ही पारखून घेतलेला असतो.

मग देश फुटला. ब्याण्णव साली अधिकाऱ्यांना रांगेत उभं करून विचारलं, युक्रेनची शपथ घेता की घरी जाता? झाखारने घेतली. रोदिओन घरी गेला. फलाटावर तो लहान पोरासारखा रडला आणि नाझारला वर उचलून म्हणाला, "याला कुणी बोट लावलं तर मला कळव, कूम. पायी चालत येईन."

आता ते कात्रण. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात बुडापेस्टला कागदावर सह्या झाल्या. युक्रेनने आपली सगळी अण्वस्त्रं देऊन टाकायची, आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी शब्द द्यायचा की तुमच्या सीमेला हात लावणार नाही, तुमच्यावर बळ वापरणार नाही, तुमच्यावर अण्वस्त्र टाकणार नाही. हे गावोगाव समजावून सांगायला अधिकारी पाठवले. वेर्बोवा बाल्का ही झाखारची सासुरवाडी, म्हणून तो तिथे आला.

गावाच्या सभागृहात त्या दिवशी शेगडी पेटत नव्हती. लोक कोट घालून बसले होते. झाखार छान बोलला. सगळं संपल्यावर मागच्या बाकावरून दूधकेंद्राची मुकादम मोत्रिया उठली. पन्नाशीची, आडव्या हाडाची, गावात कुणाला न घाबरणारी बाई.

"कॅप्टन, मला अडाणी बाईला एवढंच सांग. तीन कुंपणं घातलीत, बरं केलंत. पण त्यातलं एक कुंपणच शेत खाऊ लागलं तर दाद मागायची कुणाकडे?"

सभा हसली. झाखारही हसला, आणि हसता हसता म्हणाला, "मावशी, तसं झालंच तर माझ्या दारात या. मी जामीन!"

टाळ्या पडल्या. तो खोटं बोलत नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याचा शब्दावर विश्वास होता, कारण तो ज्याच्या शब्दावर सात वर्षं जगला होता त्याने कधी दगा दिला नव्हता. पुढे त्यानेच आपल्या हाताखालची क्षेपणास्त्रांची विवरं रिकामी होताना पाहिली, स्फोटाने बुजताना पाहिली, त्यावर सूर्यफूल पेरलेलं पाहिलं. नोकरी सुटली तसा तो सासुरवाडीलाच स्थायिक झाला, पाण्याच्या पंपघरात लागला. कात्रण चौकटीत घालून देवाच्या तसबिरीशेजारी लावलं. रोदिओन दर वर्षी नाझारच्या वाढदिवसाला फोन करायचा. क्रिमियानंतर फोन आखडले. तामिला वारल्यावर एक आला. मग नाही.

दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये झाखारने स्वतः फोन लावला. मिकोलायिववर बाँब पडत होते, रस्त्यावरून गाड्यांच्या रांगा चालल्या होत्या, आणि नाझार पिशवी भरून सैन्यात जायला निघाला होता. झाखारच्या जुन्या फोनचा कानाकडचा भाग बिघडलेला, म्हणून तो स्पीकरवर बोलायचा आणि ते सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू यायचं.

"कूम," झाखार म्हणाला, "तुमची माणसं आलीत इकडे. नाझार लढायला चाललाय."

पलीकडून उत्तर आलं. रोदिओनचा आवाज, म्हातारा झालेला. "त्याला सांग घरी बसायला. आमच्या पोरांना आडवं येऊ नका, चार दिवसांत संपेल."

"तू धर्मबाप आहेस त्याचा."

"म्हणून तर सांगतोय! फार डोकं वर काढू नका, कूम. आपण दोघं कशावर बसून होतो ते तुला माहीत आहे. तुमच्याकडचं तुम्ही देऊन टाकलंत. आमच्याकडे अजून आहे."

झाखारने फोन ठेवला. नाझारने ऐकलं होतं. तामिलाने पेटीत जपलेलं ते पांढरं कापड झाखारने आदल्या दिवशीच मुलाच्या पिशवीत घातलं होतं. लढाईला जाणारी मुलं ते बरोबर नेतात. नाझारने ते काढलं, घडी न मोडता टेबलावर ठेवलं आणि गेला. त्याच दिवशी झाखारने चौकट भिंतीवरून उतरवली. तिथे फिक्या रंगाचा एक चौकोन राहिला आहे.

त्याच महिन्यात मोत्रियाचा नातू मार्को बाश्तान्काच्या बाजूला मारला गेला. तिला दुसरं कुणी नव्हतं. ती झाखारच्या दारात आली नाही. आली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो दुकानात शिरला की ती हातातलं सामान तसंच ठेवून बाहेर पडायची. रोज सकाळी कबरस्तानाकडे जाताना त्याच्या घरावरून जाणारी सरळ वाट सोडून ती तळ्याला वळसा घालून जायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, आणि त्याचं दार टाळण्यासाठी अर्धा किलोमीटर जास्त चालायची. झाखार खिडकीतून बघायचा. तो उन्हाळा त्याने कुणाशी धड न बोलता काढला. बोर्श्चचं, म्हणजे बीटच्या सुपाचं, पातेलं एकदा केलं की त्याला चार दिवस पुरायचं, आणि चौथ्या दिवशी ते खाववत नसे.

ऑक्टोबरात नाझार खांद्याला जखम होऊन रजेवर आला. बायको झोर्याना आणि पाच महिन्यांची उस्तिना विनित्सियाहून आल्या. तीन दिवस घरात माणसांचा आवाज होता. झाखारला धड बसवेना. उगाच लाकडं फोडत राहिला. झोर्यानाची आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळे या पोरीकडे तो बघायचा ते श्वास धरून. रविवारी बाप्तिस्मा, सोमवारच्या बसने नाझार परत आघाडीवर, असं ठरलं होतं. रेडिओवर त्या आठवड्यात अणुबाँबच्या धमक्यांचीच चर्चा होती. पंचायतीत किरणोत्सर्गावरच्या आयोडीनच्या गोळ्या वाटत होते.

शुक्रवारी जेवताना झाखारने विचारलं, "उस्तिनाची धर्मआई कोण?"

"कुणी नाही," नाझार म्हणाला. "फादर पाणी घालतील. पुरे."

"असं होत नाही रे. पोरीसाठी कुणीतरी उभं राहावं लागतं. तू सोमवारी जाणार, मी असा, उद्या काही झालं तर..."

"माझ्यासाठी होता की उभा एक! तुम्हीच आणला होतात, सात वर्षं पारखून." नाझारने चमचा ठेवला. "तुम्ही माणसं निवडू नका, बाबा. तुम्हाला जमत नाही ते. त्यापेक्षा रस्त्यावर पहिलं भेटेल ते बरं."

झोर्यानाने नवऱ्याच्या हाताला चिमटा काढला. झाखारने पाव कापायला घेतला. लागलं मात्र खोल, कारण खरं होतं.

शनिवारी तो फादर यूखिमकडे गेला. "नाझारच्या नावापुढून धर्मबापाचं नाव काढता येईल का?"

फादर चर्चच्या मागे कोबी कापत होते. "यंदा हे विचारायला आलेले तुम्ही नववे," ते म्हणाले. "नाही काढता येत, झाखार तिमोफियोविच. त्याने शब्द मोडला म्हणून दिलेला शब्द नाहीसा होत नाही. त्याच्या मानेवर बसून राहतो. आणि हो, मुलगी आहे, एक बाई तरी उभी हवीच. उद्या दहाला."

परतताना झाखारच्या डोक्यात मुलाचं ते बोलणं फिरत होतं. रस्त्यावर पहिलं भेटेल ते. पोराने टोमणा मारला होता, पण रीत खरीच होती. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथला माणूस पहाटे पाव घेऊन वाटेवर उभा राहतो, जो पहिला भेटेल त्याला कूम म्हणतो. आणि कूम व्हायला बोलावलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, मोठं पाप. त्याच्या सासूच्या सासूला असाच वाटेवरचा एक घिसाडी मिळाला होता, आणि पोर नव्वदीपर्यंत जगलं.

तर रविवारी उजाडताच झाखार घरचा गोल पाव भरतकामाच्या टॉवेलात गुंडाळून निघाला. आता या माणसाची खोड बघा. वाटेवर जो भेटेल तो, असं म्हणत निघाला आणि उभा कुठे राहिला? बसथांब्याजवळ, जिथून रोज साडेसहाला नर्स ल्युबा सायकलवरून जाते. तरुण, हसरी, कुणालाही नाही न म्हणणारी. नशिबावर सोडायचं, पण नशिबाला पत्ता आपणच लिहून द्यायचा. एवढं होऊनही त्याची जामीन ठरवून घ्यायची सवय गेली नव्हती.

सहा वाजून वीस मिनिटांनी धुक्यातून काठीचा आवाज आला. सायकलला काठी नसते. मोत्रिया होती. रात्रीच्या पावसाने तळ्याकडची वाट बुडाली होती, म्हणून ती आज सरळ रस्त्याने आली होती.

झाखार बसथांब्याच्या भिंतीआड सरकला. पासष्ट वर्षांचा कॅप्टन, छातीशी पाव धरून, लपला. ती जाईपर्यंत दहा मिनिटं, मग ल्युबा येईल, कुणाला काय कळणार? काठीचा आवाज जवळ आला, पुढे गेला, आणि त्याच्या मनात आलं की उस्तिनाच्या आयुष्याची सुरुवातच आपण लबाडीने करतो आहोत. तो बाहेर आला.

"मोत्रिया मावशी."

ती थांबली. वळली नाही. सात महिन्यांत त्याने तिला मारलेली ती पहिली हाक होती.

"नातीचा बाप्तिस्मा आहे आज. तुम्ही पहिल्या भेटलात." त्याने पाव पुढे केला.

मोत्रिया वळली. आधी पावाकडे बघितलं, मग थांब्याच्या भिंतीकडे, मग त्याच्या खांद्याला लागलेल्या चुन्याकडे. "पहिली भेटले? भिंतीआडून?"

"लपलो होतो," झाखार म्हणाला. "ल्युबाची वाट बघत होतो. पण पहिल्या तुम्हीच आलात."

"वा! आणि मला नाही म्हणता येत नाही, ते ठाऊक आहे तुला. चांगला सापळा लावलास." ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "तू म्हणाला होतास ना, कुंपणाने शेत खाल्लं तर माझ्या दारात या. मार्कोला पुरून आले त्या दिवशी मी तुझ्या फाटकापर्यंत आले होते. आत दिवा होता. तू टेबलाशी बसलेला, समोर एक पांढरं फडकं. मी परत गेले. ह्याला काय विचारायचं?"

झाखारला हे माहीत नव्हतं.

"आता विचारते. त्या दिवशी सभेत तू हसलास का?"

"उत्तर नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत तेव्हाच मला कळलं होतं की उत्तर नाही. सगळे हसले, मीही हसलो. माझी चूक झाली, मावशी. मी जामीन राहिलो आणि माझ्याकडे ठेवायला काहीच नव्हतं."

लांबून सायकलची घंटा वाजली. ल्युबा दोघांना बघून "नमस्कार, आजी!" म्हणत निघून गेली.

"माझ्याकडे तरी काय आहे?" मोत्रिया म्हणाली. "मी दोन-चार वर्षांची सोबती. त्या पोरीचं मी काय राखणार?"

"काही राखू नका. फक्त असा."

तिने पाव घेतला. घेताना त्याच्याकडे बघितलं नाही. "कापड कुणी आणलंय? धर्मआईने आणायचं असतं. मला तास तरी दे."

चर्चमध्ये पोरगी पाण्यातून काढली तेव्हा मोत्रियाने जे कापड पसरलं ते जुन्या मागावरचं, घरी विणलेलं होतं, कडेला लाल धागा. मार्कोच्या पोरासाठी ठेवलं होतं, एवढंच ती झोर्यानाला म्हणाली. झोर्यानाने तिचा हात धरला तो समारंभ संपेपर्यंत सोडला नाही. नाझार मान खाली घालून उभा होता. बाहेर आल्यावर तो बापाच्या कोटावरचा चुना झटकू लागला, आणि झटकून झाल्यावरही त्याचा हात तिथेच राहिला.

जेवताना झोर्यानाने विचारलं, "बाबा, तिथे खाली भीती नाही वाटायची?" झाखारने पहिल्यांदाच ती हाकेची गोष्ट सांगितली, रोदिओनचं नाव न घेता. मोत्रिया मुकाट्याने जेवत होती. निघताना दारात म्हणाली, "कुमा झाले म्हणून माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

सोमवारी बस आली. नाझार आघाडीवर, झोर्याना पोरीला घेऊन विनित्सियाला. झाखार बस दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, मग आणखी थोडा वेळ, कारण घरी जाऊन करायचं काय? घरात पोरीचा एक मोजा सापडला. त्याने तो टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. वीज गेली होती. रात्री तो कपड्यांनिशीच आडवा झाला आणि त्याला वाटलं, आपण आता मेलो तर गावाला बातमी कुणाचा पंप बिघडल्यावरच लागेल.

मंगळवारी सकाळी फाटकावर काठी आपटली. तो बिछान्यावर उठून बसला. तळ्याकडची वाट एव्हाना सुकली होती.

"कूम!" बाहेरून आवाज आला. दरडावणीचा, दूधकेंद्रातला. "अहो कूम!"

त्या नावाने त्याला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते वोलोग्दाला होतं. झाखारने पाय खाली टाकले. फाटकावर काठी पुन्हा आपटली, जोरात.

"आहे!" तो ओरडला.

"बरं," मोत्रिया म्हणाली. पण पावलं पुढे सरकली नाहीत. ती थांबली होती. झाखार अनवाणी दारापर्यंत आला, कडी काढली आणि धुक्यात बघत हाक मारली, "कुमा!"

"आहे अजून," ती म्हणाली, आणि कबरस्तानाच्या वाटेला लागली.